अश्वत्थाम्याचे दूध

महाभारताच्या आदिपर्वात द्रोणाचार्य भीष्मांना आपल्या गत दारिद्र्याची हकीकत सांगतात. श्रीमंतांची मुले दूध पिताना पाहून लहानगा अश्वत्थामा रडू लागला. द्रोण गाईच्या शोधात देशोदेशी हिंडले. गाय काही मिळाली नाही. इकडे सवंगड्यांनी पाण्यात पीठ कालवून ते अश्वत्थाम्याला दूध म्हणून पाजले, आणि आपण दूध प्यालो या आनंदात ते पोर नाचू लागले. पाहणारे हसले. ते हसू द्रोणांच्या जिव्हारी लागले आणि ते द्रुपदाच्या दारी गेले. पुढचे सारे रामायण, किंबहुना महाभारत, सर्वांना ठाऊकच आहे. लोककथेने ती पिठाची वाटी सवंगड्यांच्या हातून काढून आईच्या हाती दिली व प्रसंग अधिकच करुण केला. दोन्ही कथांत भाव मात्र एकच. ज्याच्या घरी दूध नाही त्याच्यासारखा दरिद्री नाही, आणि दुधाच्या जागी दुसरे काही पिणे ही एक तर फसवणूक, नाही तर नामुष्की.

ही कथा ज्या समाजाच्या रक्तात मुरली आहे त्या समाजात एखादा माणूस आपण होऊन, घरात दूध असताना, ते नाकारतो तेव्हा त्याचे वागणे इतरांना कोड्यासारखे वाटावे यात नवल नाही. अशा माणसाला हल्ली व्हीगन म्हणतात. मांस, मासे व अंडी तर तो वर्ज्य मानतोच. परंतु दूध, दही, ताक, लोणी, तूप आणि मध हेही घेत नाही, आणि साधेल तेथवर चामडे, लोकर व रेशीम यांचाही त्याग करतो. प्राण्याच्या देहातून वा श्रमातून काढून घेतलेले काही आपल्या उपभोगात असू नये, असे त्याचे म्हणणे. हा शब्द इंग्लंडात १९४४ साली डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या मोजक्या सहकाऱ्यांनी घडविला. दूध घेणाऱ्या शाकाहाऱ्यांपासून आपण वेगळे आहोत हे सांगण्यासाठी त्यांना नवे नाव हवे होते, म्हणून त्यांनी ‘व्हेजिटेरियन’ या शब्दाचे आरंभीचे व शेवटचे तुकडे जोडून ते बनविले.

नाव परदेशी आहे; परंतु त्यामागचा प्रश्न परदेशी आहे काय? या प्रश्नाचा शोध घेण्यास बंगळूर शहराच्या पश्चिम भागातील राजाजीनगरासारखे ठिकाण शोधूनही सापडणार नाही. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत कारखाने आणि कामगारांची घरे यांसाठी ही वस्ती आखली गेली आणि तिला चक्रवर्ती राजगोपालाचारी यांचे नाव मिळाले. राजाजी स्वतः कडवे शाकाहारी. वस्तीच्या उत्तरेकडील टेकडीवर १९९७ साली कृष्णाचे भव्य मंदिर उभे राहिले. गोकुळच्या देवाचे मंदिर असल्यामुळे कांदा-लसूण तेथे निषिद्ध आणि दूध-लोणी सन्मान्य हे ओघानेच आले. शेजारी मल्लेश्वरम्, जेथील लोण्यातल्या मसाला डोशाची कीर्ती गावभर आहे. या साऱ्या परिसरात शाकाहारी उपाहारगृहे पावलोपावली आहेत. मांस न खाणाऱ्या माणसाला भारतात याहून सुखाची जागा क्वचितच मिळेल. आणि नेमक्या याच सुखाच्या जागी दूध न घेणारा माणूस सकाळी न्याहारीला बसला की अडखळतो.

वस्तुतः त्याला खायला काही नाही असे मुळीच नाही. इडली ही तांदूळ आणि उडीद यांची, डोसाही तसाच. खोबऱ्याची चटणी, सांबार, चित्रान्न, अक्की रोट्टी, नाचणीचा मुद्दे, कोसंबरी, आवळ्या-चिंचेचे गोज्जू, खसखस, खोबरे व गूळ यांचे गसगसे पायस, या सर्वांत जनावराच्या दुधाचा थेंबही असण्याचे कारण नाही. परंतु खरी अडचण पदार्थाच्या अंगात नसून त्याच्यावर केल्या जाणाऱ्या उपकारात आहे. डोसा तव्यावरून उतरता उतरता त्यावर लोण्याचा गोळा पडतो. उपम्यावर तूप सोडले जाते, भातावर तूप, होळिगेवर तूप. जेवणाचा शेवट दहीभाताने झाला नाही तर जेवण झाले असे धरतच नाहीत. दुसऱ्या महायुद्धात तांदळाची टंचाई झाली तेव्हा मावळ्ळी टिफिन रूम या प्रसिद्ध उपाहारगृहात रव्याची इडली निघाली, असे सांगतात. तांदळाच्या जागी रवा आला खरा, पण त्याच्याबरोबर दहीही पिठात आले. कॉफी तर दुधाविना मागणारा माणूस आजारी असावा असा वाढप्याचा समज होतो. ‘तुप्प बेड, बेण्णे बेड, मोसरु बेड’, म्हणजे तूप नको, लोणी नको, दही नको, एवढे कानडी त्याला आल्यावाचून या शहरात त्याचा निभाव लागत नाही. आणि इतके बोलूनही वाढपी मायेने थोडेसे तूप सोडतोच. कारण त्याच्या लेखी तूप हे अन्न नव्हे, अन्नाची शुद्धी आहे.

येथे मराठी माणसाने स्वतःच्या घराकडेही पाहावे. त्याचा उपास दुधावर चालतो, नैवेद्य तुपावाचून होत नाही, पंचामृतातल्या पाचांपैकी तीन जिन्नस गाईचे आणि चौथा मधमाशीचा. ‘दुधाची तहान ताकावर’ ही त्याची निराशेची परिसीमा. दूधही नको आणि ताकही नको असा मनुष्य भाषेच्या कल्पनेतही आला नाही.

असे असले तरी दूध सोडण्याची रीत आपल्याकडे नव्हतीच असे म्हणता येत नाही. जैनांचे आयंबील हे व्रत पाहावे. चैत्रात आणि आश्विनात नऊ-नऊ दिवस दूध, दही, तूप, तेल, साखर यांपैकी काहीही न घेता दिवसातून एकदा अळणी उकडलेले धान्य खायचे. दूध-तूप ही त्या शास्त्रात ‘विकृती’ मानली आहेत. कर्नाटकातील माध्व घरांत चातुर्मासाचे चार महिने वाटून दिलेले असतात: एक भाजीपाल्याच्या त्यागाचा, दुसरा दह्याच्या, तिसरा दुधाच्या, चौथा द्विदल धान्यांच्या. आणि महाराष्ट्रातील ऋषिपंचमी तर याहूनही सूक्ष्म. भाद्रपदातल्या त्या दिवशी बायका बैलाच्या श्रमाचे काही खात नाहीत. नांगराविना, माणसाच्या हाताने पिकविलेल्या अळू, सुरण, भोपळ्यासारख्या भाज्यांवर दिवस काढतात. जनावराच्या कष्टाचे आपल्या पोटात जाऊ नये हा विचार वॉटसन यांच्या कित्येक पिढ्या आधी कोकणातल्या आणि देशावरच्या स्वयंपाकघरांत वावरत होता. शहाजीराजांच्या जहागिरीपासून बंगळुरात मराठी घरे आहेत. तेथेही ही भाजी शिजत आली आहे. फरक इतकाच की ही सारी व्रते आहेत. त्यांना आरंभ आहे आणि उद्यापन आहे. त्यांचे फळ व्रत करणाऱ्याला मिळावयाचे असते, बैलाला वा गाईला नव्हे. एक दिवस बैलाला विसावा मिळाला तरी दुसऱ्या दिवशी तो पुन्हा औताला असतो.

हा त्याग जनावराच्या दुःखाशी जोडून जन्मभरासाठी घेणारा, आणि त्याची सारी पंचाईत जगापुढे मांडणारा पहिला प्रसिद्ध भारतीय म्हणजे मोहनदास गांधी. दक्षिण आफ्रिकेत टॉल्स्टॉय फार्मवर १९१२ साली हर्मन कालेनबाख यांच्यासह त्यांनी दूध सोडले. ब्रह्मचर्याला दूध बाधक आहे ही एक कल्पना त्यामागे होतीच. परंतु कलकत्त्याचे गवळी गाई-म्हशींच्या शेवटच्या थेंबासाठी त्यांचे जे हाल करीत, त्यांचे वर्णन वाचून त्यांचे मन विटले होते.

दोन वर्षांनी या निश्चयाची कसोटी लंडनमध्ये लागली आणि ती घेणारे होते गोपाळ कृष्ण गोखले. १९१४ च्या हिवाळ्यात गांधींना फुप्फुसाच्या आवरणाचा दाह झाला होता. शेंगदाणे, केळी, लिंबे, टोमॅटो, द्राक्षे आणि ऑलिव्हचे तेल एवढाच त्यांचा आहार. दूध नाही, धान्य नाही, डाळही नाही. डॉ. जीवराज मेहता यांनी दूध व धान्य घेण्याचा आग्रह धरला. ही गोष्ट गोखल्यांच्या कानी गेली. स्वतः मधुमेहाने खंगलेले गोखले शिष्याच्या हट्टावर रुष्ट झाले व डॉक्टरांचे ऐकलेच पाहिजे असे त्यांनी बजावले. गुरूची आज्ञा मोडणे गांधींना जड होते. त्यांनी विचारासाठी चोवीस तास मागितले आणि सारी रात्र मनाशी झगडत काढली. सकाळी त्यांचे उत्तर ठरले होते. आरोग्याचे प्रयोग म्हणून जे सोडले होते ते सारे परत घेण्यास ते तयार झाले. दूध, दुधाचे पदार्थ आणि मांस या तिहींबाबत मात्र, मरण आले तरी बेहत्तर, अशी त्यांची भूमिका राहिली. यात आपल्याला धर्म काही दिसत नाही, असे गोखल्यांनी स्पष्ट सांगितले. आणि लगेच डॉक्टरांकडे वळून, याने घालून घेतलेल्या मर्यादेत बसेल तेच औषध द्या, याला आणखी छळू नका, असे म्हणाले. मग मुगाचे कढण सुरू झाले, हिंग घालून.

या प्रसंगात गोखल्यांचे मोठेपण जितके आहे तितके फार थोड्यांच्या ध्यानी येते. न पटलेला निश्चय मानणे ही पटलेला निश्चय मानण्याहून अवघड गोष्ट. पुढे १९१५ च्या फेब्रुवारीत पुण्याला, शांतिनिकेतनास निघालेल्या गांधींसाठी गोखल्यांनी भारत सेवक समाजाच्या आवारात मित्रमंडळी बोलावली, तेव्हा फराळाला शेंगदाणे, खजूर आणि ताजी फळे ठेविली होती. ज्या पुण्यात समारंभ म्हटला की पेढा किंवा बासुंदी, त्या पुण्यात पाहुण्याच्या व्रताला साजेल अशी ही न्याहारी! गोखले आपल्या खोलीतून तेथवर कसेबसे चालत आले आणि त्यांना मूर्च्छा आली. थोड्याच दिवसांत, १९ फेब्रुवारीस, त्यांचे देहावसान झाले.

गांधींचे दूध मात्र सुटले ते सुटलेच असे झाले नाही. १९१८ साली खेडा जिल्ह्यात फिरताना त्यांना जो आमांश झाला त्याने ते मरणाच्या दारी पोचले. हवापालटासाठी माथेरानला नेले, तेथले पाणी मानवले नाही. मुंबईस परतल्यावर डॉ. दलाल यांनी सांगितले की दुधावाचून हे शरीर मला पुन्हा उभे करता यायचे नाही. व्रताचा अडसर पुढे आला तेव्हा कस्तुरबांनी तो एका वाक्यात दूर केला: व्रत घेताना मनात गाय-म्हैस होती ना, मग शेळीच्या दुधाला काय हरकत? गांधींनी मान तुकविली. जगण्याची इच्छा सत्याहून बलवत्तर ठरली, व्रताचे अक्षर राखले आणि आत्मा गमावला, ही कबुली त्यांनी आत्मकथेत दिली आहे. त्याच ठिकाणी एक विनंतीही केली आहे. दुधाइतकी पौष्टिक आणि दुधाइतकी पचायला हलकी अशी एखादी वनस्पती कोणाला वाचनाने नव्हे, अनुभवाने ठाऊक असेल तर त्याने ती कळवावी.

या विनंतीचा धागा बंगळुरास येऊन मिळतो.

मार्च १९२७ मध्ये कोल्हापूरच्या दौऱ्यात गांधींचा रक्तदाब वाढून ते कोसळले. तेथून बेळगाव, मग सावंतवाडी संस्थानातील आंबोली, मग म्हैसूर राज्यातील नंदीचा डोंगर असा विश्रांतीचा प्रवास होऊन जूनमध्ये ते बंगळुरात कुमार पार्क येथे आले आणि ऑगस्टअखेरपर्यंत राहिले. आजच्या राजाजीनगरापासून ही जागा फार दूर नाही. या काळात ते तेथील सरकारी पशुसंवर्धन व दुग्धशास्त्र संस्थेत गेले. १९२३ साली निघालेली ही संस्था पुढे १९५५ मध्ये कर्नाळला हलली, तिची दक्षिण शाखा बंगळुरात अजून आहे. संस्थेचे प्रमुख विल्यम स्मिथ यांच्याकडून गांधींनी गोपालनाचे धडे एखाद्या विद्यार्थ्यासारखे घेतले.

गाईच्या दुधाचा त्यागी गाईचे दूध कसे वाढवावे हे शिकतो आहे, ही विसंगती दिसते तितकी पोकळ नव्हती. गांधींना एक गोष्ट कळून चुकली होती. जी गाय परवडत नाही ती कसायाकडे जाते. नको असलेला गोऱ्हा आणि म्हशीचा रेडा यांचे काय करावयाचे, याचा हिशेब दुधाच्या हिशेबातच दडलेला असतो. म्हणून मेलेल्या जनावरांच्या कातड्याचे कारखाने काढा, जात सुधारा, दूध वाढवा, म्हणजे गाय जगेल, हा त्यांचा मार्ग. आजचा व्हीगन त्याच हिशेबावर बोट ठेवतो आणि उलट उत्तर काढतो: दूधच नको, म्हणजे गोऱ्ह्याचा प्रश्नच उरणार नाही. दोघांपैकी कोणाचे गणित बरोबर हे सांगणे सोपे नाही. परंतु शाकाहारी मनुष्याचे हात दुधाने धुतलेले असतात या समजुतीला दोघांनीही धक्का दिला, हे मान्य केले पाहिजे.

गांधींच्या प्रश्नाचा शास्त्रीय अर्धा भाग सोडविण्याचे काम बंगळुरातच, राजाजीनगराला लागून असलेल्या भारतीय विज्ञान संस्थेत झाले. लोक तिला अजूनही टाटा इन्स्टिट्यूट म्हणतात. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी पहिल्या क्रमांकाने घेऊन एक मराठी तरुणी या संस्थेच्या दारात उभी राहिली. कमला भागवत हे तिचे नाव. लेखिका दुर्गा भागवत यांची ही धाकटी बहीण. वडील आणि चुलते दोघेही याच संस्थेत शिकलेले. संचालक सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. ती हटली नाही. अखेर एक वर्ष उमेदवारीवर, अपमानास्पद अटी घालून, तिला घेतले गेले. आणि तिच्या कामाने रामन यांचे मत असे बदलले की त्यानंतर संस्थेचे दार इतर मुलींसाठी उघडले.

ती तेथे कशावर काम करीत होती, याचा उल्लेख या कथेत सहसा होत नाही. श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली तिने दूध, डाळी आणि कडधान्ये यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. डाळींतील नत्रद्रव्यांवरील तिचा निबंध १९३५ साली इंग्लंडच्या जीवरसायन नियतकालिकात आला. पुढे केंब्रिजला १९३९ मध्ये डॉक्टरेट, आणि लग्नानंतर मुंबईच्या विज्ञान संस्थेत प्राध्यापकी. तेथे कमला सोहोनी यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १९५० च्या दशकात दाखवून दिले की कच्च्या कडधान्यांत प्रथिनांचे पचन अडविणारे एक द्रव्य असते. शिजविल्याने त्याचा जोर मोडतो. डाळ भिजवावी, नीट शिजवावी, या आजीबाईंच्या शिस्तीला त्यातून रसायनशास्त्राची पावती मिळाली. दूध न घेणाऱ्याचे सारे पोषण डाळी-कडधान्यांवर उभे असल्याने या कामाचे मोल त्याच्यापुरते फार मोठे आहे. मात्र कमलाबाईंच्या पुढे असा दुग्धत्यागी नव्हता. त्यांच्यापुढे होती गरिबांची मुले, ज्यांना दूध परवडत नाही.

तसेच विज्ञान संस्थेतील वैद्यनाथ सुब्रह्मण्यन यांचे. १९४० च्या दशकात, युद्ध आणि दुष्काळ यांच्या छायेत, त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी सोयाबीनपासून आणि भुईमुगापासून दूध काढले, त्याचे दही लावले. वर्ध्याच्या मगनवाडीत १९३५ साली गांधी सोयाबीन शिजवून पाहत होते. बंगळुरात दहा वर्षांनी त्याचे दूध तयार होते. १९५० मध्ये म्हैसूरला केंद्रीय अन्नतंत्र संशोधन संस्था निघाली, तिचे पहिले संचालक सुब्रह्मण्यनच झाले, आणि भुईमुगावरील काम त्यांच्याबरोबर तेथे गेले. बंगळूरला भुईमूग काही परका नाही. बसवनगुडीच्या नंदीपुढे कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी शेंगांची जत्रा भरते. बैल शेतातल्या शेंगा खातो म्हणून शेतकऱ्यांनी पहिले पीक त्यालाच वाहण्याची ही रूढी. बैलाशी तह करण्याची ही तऱ्हा मोठी गोड आहे.

मग हे भुईमुगाचे दूध गेले कोठे? त्याची हकीकत थोडी चमत्कारिक आहे. म्हैसूरच्या संस्थेत ‘मिल्टोन’ नावाचे एक पेय सिद्ध झाले आणि १९७० च्या दशकात बंगळूरच्या डेअरीत ते बनू लागले. त्यात भुईमुगाचे प्रथिन होते, पण ते म्हशीच्या दुधात मिसळलेले. तुटपुंजे दूध अधिक तोंडांना पुरावे हा हेतू. म्हणजे वनस्पतीचे दूध आले ते जनावराच्या दुधाला पर्याय म्हणून नव्हे, त्याची भर म्हणून. आणि ज्याला ते द्यावयाचे तो पुन्हा अश्वत्थामाच. परवडत नाही म्हणून हे घ्या, असे सांगितल्यावर कोणता बाप ते आनंदाने घरी नेईल?

त्याच सुमारास दुसरीकडे वेगळाच डाव रंगत होता. १९७० मध्ये दुधाचा महापूर योजना सुरू झाली. कर्नाटकात १९७४ पासून सहकारी दूधसंघांचे जाळे विणले गेले आणि ‘नंदिनी’ची पिशवी दारोदार पोचू लागली. १९९० च्या दशकाच्या अखेरीस भारत जगातील सर्वांत मोठा दूध उत्पादक देश झाला. १ ऑगस्ट २०१३ पासून कर्नाटकातील शाळांत ‘क्षीरभाग्य’ योजनेने मुलांना दूध मिळू लागले. नावातच भाग्य आले. द्रोणांना देशोदेशी हिंडूनही न मिळालेली गाय घरोघर आली आणि पिठाच्या पाण्याची गरज कोणाला उरली नाही. टंचाईच्या काळात जन्मलेले ज्ञान सुबत्तेत अडगळीत पडले. राजाजीनगरातील दुग्धत्यागी माणसाला उपाहारगृहात आज काही मिळत नाही याचे एक कारण हे आहे की त्याच्या शेजारच्याच संस्थेतले उत्तर पन्नास वर्षे लवकर आले, आणि चुकीच्या माणसासाठी आले.

आरोग्याच्या बाजूने त्याला पूर्वीइतके भय नाही. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, गाईच्या तितक्याच दुधात सुमारे एकशे वीस. आणि नाचणी तर या प्रदेशाचे मूळ धान्य. प्रथिनांची सोय डाळी, शेंगदाणे आणि सोयाबीन करतात. एका गोष्टीची मात्र कोणतीही वनस्पती खात्रीलायक भरपाई करीत नाही, आणि ती म्हणजे ब-१२ हे जीवनसत्त्व. ते गोळीने घ्यावे लागते. हे जीवनसत्त्व शुद्ध रूपात हाती लागले ते १९४८ साली, गांधींच्या मृत्यूनंतर काही महिन्यांनी. वैद्य, हकीम, डॉक्टर सर्वांना त्यांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर कोणाजवळच का नव्हते, याचा काही अंशी उलगडा येथे होतो. एकाच वनस्पतीत दुधाचे सारे गुण शोधीत ते जन्मभर शेळीवर अवलंबून राहिले; उत्तर पाच-सहा धान्यांत आणि एका गोळीत विखुरलेले होते.

अलीकडे सरकारनेही या आहाराची दखल घेतली. वेष्टनावरच्या ज्या हिरव्या ठिपक्यावर शाकाहारी डोळे झाकून विश्वासतो, त्या ठिपक्याखाली दूध-तूप बिनदिक्कत वावरते. म्हणून २०२२ साली व्हीगन अन्नासाठी स्वतंत्र नियम झाले आणि वेगळी खूण ठरली. बंगळुरात ओट, बदाम, सोयाबीन यांची पेये दुकानांत दिसू लागली. त्यांची किंमत मात्र नंदिनीच्या पिशवीच्या कितीतरी पट. जे एके काळी दूध न परवडणाऱ्यासाठी शोधले गेले ते आता दूध सहज परवडणाऱ्यालाच परवडते.

त्या पेयांना दूध म्हणण्याची मात्र बंदी आहे. दूध या शब्दावर हक्क जनावराच्या दुधाचाच, असे अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२१ मध्ये विक्रेत्यांना बजावले, आणि सुब्रह्मण्यन ज्याला बेधडक सोयाबीनचे दूध म्हणत ते आता नुसते ‘पेय’ म्हणून विकावे लागते. अपवाद ठेवला तो परंपरेने रूढ झालेल्या नावांचा. त्यामुळे नारळाचे दूध तेवढे सुटले. कोकणातली सोलकढी, नारळाच्या रसातल्या शेवया आणि बंगळूरच्या घरांतले खोबऱ्याच्या दुधातले मुगाचे पायस यांना कोणी हात लावलेला नाही, आणि राजाजीनगरात सणासुदीला पाहुणा म्हणून गेलेल्या त्या माणसाच्या पानात यजमानीण, तूप न सोडता, तेच वाढू शकते.